राहतं घर आणि आपली सही



उसाची लागण, खत, पाणी, तोडणी यांवर या अंकातून आपण नेहमी बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. कर्ज अंगावर आले तर राहत्या घराचे काय होते, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. हा विषय चावडीवर निघतो तेव्हा दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, "शेतकऱ्याच्या घराला कोण हात लावतोय? कायदाच नाही तसा." दुसरा म्हणतो, "कोर्टाचा कागद आला की संपलं, चंबूगबाळं उचलायचं." दोघांचेही अर्धे खरे आणि अर्धे खोटे. आणि अर्धवट माहितीने माणूस जितका बुडतो तितका कर्जानेही बुडत नाही.

आमच्या पाहण्यातली दोन घरे सांगतो. नावे आणि गावे सांगत नाही, कारण ती माणसे अजून आपल्यातच ऊस घालतात.

दोन घरे

पहिले घर वाळवा तालुक्यातल्या एका सभासदाचे. मुलीच्या लग्नाला आणि बोअरला म्हणून त्यांनी ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून वचनचिठ्ठीवर पैसे घेतले. दोन वर्षे व्याज गेले, तिसऱ्या वर्षी पाणी कमी पडले आणि हप्ता थांबला. व्यापाऱ्याने दावा लावला. समन्स आले ते आमच्या सभासदाने देव्हाऱ्यामागे सारून ठेवले. हुकूमनामा झाला, त्याची दरखास्त झाली आणि एके दिवशी बेलिफ घराच्या जप्तीचा कागद घेऊन दारात उभा राहिला. म्हातारीने हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ आमच्याकडे आले ते अर्धा एकर रान मिळेल त्या भावाने विकायच्या तयारीनेच. आम्ही कागद वाचला आणि म्हटले, "दादा, रान विकायच्या आधी वकील गाठा."

वकिलांनी कोर्टात हरकत घेतली. सातबारा, आठ-अ आणि आपल्याच कारखान्याची मागची ऊसबिले जोडली. हा माणूस स्वतः शेती कसतो, शेतीवरच जगतो आणि याच घरात राहतो, एवढे सिद्ध केले. घरावरची जप्ती उठली. देणे काही उठले नाही. ते आजही ऊसबिलातून हप्त्याने फिटते आहे. पण घर राहिले.

दुसरे घर कराड भागातले. पोराला दुकान टाकायचे होते. पतसंस्थेने कर्ज दिले, पण 'जादा तारण' म्हणून गावठाणातले राहते घर गहाण मागितले. बापाने विचार केला, शेतकऱ्याच्या घराला कायद्याचे संरक्षण आहे, लिहून दिले म्हणून काय होते! त्या गहाणखतावर साक्षीदार म्हणून सही आमचीच आहे. आम्हीही कागद न वाचता सही केली, चहा घेतला आणि उठलो. दुकान चालले नाही. वसुलीचा दाखला निघाला, लिलाव झाला, घर गेले. ते कुटुंब आज रानात पत्र्याच्या शेडमध्ये राहते. त्या बापाला आम्ही त्या दिवशी एक वाक्य सांगायला पाहिजे होते, ते आज तुम्हा सर्वांना सांगतो आहोत. कायदा शेतकऱ्याचे घर सावकाराच्या हुकूमनाम्यापासून राखतो, पण शेतकऱ्याच्या स्वतःच्या सहीपासून राखत नाही.

ही सवलत आली कुठून?

ही सवलत कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे चढलेले भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. दख्खनचा कुणबी सावकाराच्या वहीत पुरता अडकला. सावकार हातात कर्जरोखा घेऊन नव्या दिवाणी कोर्टात जायचा, अडाणी कुणबी हजरच व्हायचा नाही आणि एकतर्फी हुकूमनाम्यावर घरदार, बैल, रान सगळे लिलावात निघायचे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोक उठले आणि सावकारांचे कर्जरोखे होळीत घातले. दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, त्याच वर्षी पुढे आपल्या सातारा जिल्ह्यातही त्याची झळ लागली. विशेष म्हणजे लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदावर जास्त होता. घर घेणारा कागदच आहे, हे त्यांना पुरते कळले होते.

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो प्रथम चारच जिल्ह्यांना लागू झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे मुलूख तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांना हा कायदा सर्वांत आधी मिळाला. त्यात तीन गोष्टी मोठ्या होत्या. शेतकऱ्याला पैशाच्या कर्जापायी कैद करता येणार नाही. कोर्टाने नुसता कर्जरोखा न पाहता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासायचा. आणि जी स्थावर मिळकत त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नाही, ती पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येणार नाही किंवा विकता येणार नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८० च्या दशकात याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

'खास गहाण दिलेली नाही' हे शब्द ध्यानात ठेवा. दीडशे वर्षांत कायदे बदलले, पण ही मेख तशीच राहिली आहे.

घरापुरते बोलायचे तर १८८२ च्या दिवाणी संहितेत शेतकऱ्याच्या घराचे फक्त 'साहित्य' जप्तीतून वगळले होते. म्हणजे वासे, तुळया, खांब, कौले. १९०८ च्या संहितेत मात्र घर, त्याखालची जागा आणि घराला लागून असलेली गरजेची मोकळी जागा अशी सगळी सवलत आली. तेच आजचे कलम ६०.

कायदा असूनही सावकारी संपली नाही, हेही खरे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला आपल्या भागात सावकारीचे तंटे गावोगावच्या न्यायमंडळांपुढे सोडवावे लागले. सहकारी सोसायट्या, जिल्हा बँका आणि पुढे आपले कारखाने उभे राहिले त्यामागे सावकाराचे दार बंद करायचे, हाही एक हेतू होता.

कलम ६० काय राखते?

दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात काय जप्त करता येत नाही, याची यादी कलम ६० मध्ये आहे. आपल्या कामाचे तेवढे सांगतो.

घरातली जरुरीची भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रासारखे. शेतीची अवजारे, आणि पोट भरण्यापुरती कोर्टाला जरूर वाटतील तेवढी जनावरे आणि बियाणे. आणि शेतकऱ्याचे स्वतःच्या मालकीचे व स्वतः राहते घर, इतर इमारती, त्यांची जागा आणि वापरासाठी लागणारी लगतची जमीन. आपल्या भाषेत घर, गोठा, अंगण, परडे. १९७६ च्या दुरुस्तीने ही घराची सवलत मजूर आणि घरगडी यांनाही मिळाली.

त्याच दुरुस्तीने आणखी एक चांगले कलम आले. कर्जरोख्यात बारीक अक्षरांत 'मी कलम ६० ची सवलत सोडून देत आहे' असे छापलेले असले आणि तुम्ही खाली अंगठा उठवला असला, तरी तो करार रद्दबातल आहे. ही सवलत लिहून देऊन सोडता येत नाही.

पण 'शेतकरी' कोण, हे कोर्ट बारकाईने पाहते. आपण सभासद आहोत किंवा सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्याने भागत नाही. दोन गोष्टी लागतात. जमीन जातीने कसली पाहिजे आणि पोट मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर पाहिजे. जातीने कसणे म्हणजे स्वतःच्या श्रमाने, घरच्या माणसांच्या श्रमाने किंवा पगारी गड्यांकडून. मजुरी रोख असो वा धान्यात असो, चालते. मात्र पिकाच्या हिश्शाने म्हणजे वाट्याने रान लावले असेल, तर ते कायद्याच्या व्याख्येत जातीने कसणे होत नाही. नोकरीचा पगार मोठा आणि शेती नावाला असेल, तर तो माणूसही या व्याख्येत बसणे अवघड. घर भाड्याने दिले असेल तर ते 'स्वतः राहते' राहत नाही.

मग मास्तर, कारकून, दुकानदार यांच्या घराचे काय? पंजाब आणि हरियाणात शेतकरी नसलेल्या ऋणकोचेही एक मुख्य राहते घर वगळणारी वेगळी तरतूद आहे, पण तिथेही त्या कर्जासाठी खास तारण दिलेले घर वगळलेले नाही. अमेरिकेत टेक्सासने तर १८३९ सालीच कुटुंबाचे घर आणि ५० एकर जमीन सावकारापासून राखली होती. आपल्या महाराष्ट्रात अशी सर्वांसाठीची तरतूद कलम ६० मध्ये नाही. म्हणून पोराच्या नोकरीवर विसंबून घर त्याच्या नावे करण्याआधी दहादा विचार करावा.

सवलत कुठे फुटते?

पहिली जागा गहाणखताची. घर खास तारण दिले असेल तर गहाणाच्या हुकूमनाम्यात ते विकले जाते. कोर्टांनी हे वारंवार धरले आहे. सवलत लिहून सोडता येत नाही, हे खरे. पण गहाण देणे म्हणजे सवलत सोडणे नव्हे, तो वेगळाच व्यवहार आहे. आमच्या दुसऱ्या सभासदाची फसगत नेमकी इथे झाली.

दुसरी जागा रानातल्या वस्तीची. आज आपल्यातले कितीतरी सभासद गावठाण सोडून रानात घर बांधून राहतात. गट गहाण दिला आणि कागदात घर वेगळे काढले नाही, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे जमिनीबरोबर तिच्यावरचे घरही गहाणात जाते. एवढेच नव्हे, गहाण दिल्यानंतर त्या गटात नवीन बंगला बांधला तरी तोही तारणात मिळतो. सोसायटीच्या पीककर्जासाठी कलम ४८ चा इकरार करतो, तेव्हा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. तिथेही हाच प्रश्न विचारावा, "साहेब, यात माझी वस्ती येते का?" घराच्या जागेचा पोटहिस्सा आधीच वेगळा करून घेता आला तर उत्तम.

तिसरी जागा नवी आहे. आजवर गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याशिवाय फारसा कागद नसायचा, म्हणून बँका ते तारण घ्यायला कुरकुर करायच्या. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने मोजणी होऊन घराला मालमत्ता पत्रक मिळू लागले. हे चांगलेच झाले, भाऊबंदकीचे तंटे मिटतील. पण ज्या घराला पूर्वी कोणी तारण म्हणून विचारत नव्हते ते आता सहज गहाण पडू शकते. पत्रक हातात आले की कर्ज देणाराही दारात येईल. तेव्हा आनंदाने पेढे वाटा, पण पत्रक पेटीत ठेवा.

चौथी जागा जामीनकीची. "नुसती सही आहे, तुम्हाला काही होत नाही," असे म्हणून जामीनदार केले जातात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. धनको आधी जामीनदारावरही जाऊ शकतो. जामीनदार शेतकरी असेल तर त्याच्याही घराला कलम ६० आहे. पण त्याने स्वतःचे घर तारण दिले असेल तर ते घर त्याच्या मित्राच्या कर्जात जाईल.

तीन रस्ते, तीन रिवाज

वसुली कोणत्या रस्त्याने येते, ते आधी ओळखले पाहिजे.

एक रस्ता दिवाणी कोर्टाचा. व्यापारी, हातउसने देणारा, परवानाधारक सावकार या रस्त्याने येतो. इथे कलम ६० पुरते चालते. पण कोर्ट आपण होऊन सांगायला येत नाही. हरकत आपणच घ्यायची, आणि ती लिलावाच्या आधी. घर विकले गेल्यावर जप्तीवरची हरकत ऐकली जात नाही. हुकूमनाम्याची बजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते, म्हणून प्रकरण मिटले असे समजून कागद फेकू नका.

दुसरा रस्ता सहकारी संस्थेचा. विकास सोसायटी, पतसंस्था, सहकारी बँक कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि लिलाव करतो. इथे कलम ६० आपोआप धावून येईल असे समजून गाफील राहू नये. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर देय रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्याआधी, निबंधकासमोर सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहावे आणि हिशेब मागावा. लिलाव झालाच, तर ३० दिवसांत खरेदीदारासाठी लिलावाच्या किमतीच्या ५ टक्के आणि संस्थेची बाकी व्याज-खर्चासह भरून विक्री रद्द करून घेता येते. ही शेवटची खिडकी पुष्कळांना माहीत नसते.

तिसरा रस्ता बँकेचा, २००२ च्या सरफेसी कायद्याचा. यात बँक कोर्टात दावा न लावता तारणाचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ५ मे २०२० रोजी दिला. ते प्रकरण आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचे होते. या कायद्यात एक उलटी गंमत आहे. शेतजमिनीवरचे तारण यातून वगळले आहे, पण गहाण दिलेले गावठाणातले घर वगळलेले नाही. कोर्टाच्या रस्त्याने घर राहते आणि रान अडकते. या रस्त्याने रान राहते आणि घर जाते. आणि नुसते सातबाऱ्यावर 'शेती' लिहिलेले पुरत नाही. जमीन खरोखर शेतीखाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे.

सरफेसीची नोटीस आली की ६० दिवस मोजायला लागा. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. आणि पूर्ण बाकी भरून घर सोडवायचे तर लिलावाची जाहिरात निघायच्या आत सोडवावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हक्काची मर्यादा तिथपर्यंतच आहे.

सावकाराने खरेदीखतच लिहून घेतले तर?

हा चोरवाटेचा चौथा रस्ता. कर्ज दोन लाख, पण कागद घराच्या खरेदीखताचा. "पैसे दिले की परत फिरवून देतो," असे तोंडी. यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून घर किंवा जमीन अशा कागदाने गेली असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात. खरेदी ही खरी खरेदी नसून कर्जाचे तारण होती असे ठरले, तर तो कागद अवैध ठरवून मिळकत परत देण्याचा हुकूम होतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के हा दर सरकारने २०१४ साली ठरवून दिला. महिन्याला शेकडा पाच आणि दहा घेणाऱ्यांनी हे वाचावे.

अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयातही देता येतो. पुरावा मात्र लागतो. पैसे दिल्याघेतल्याच्या चिठ्ठ्या, बँकेची नोंद, व्याज भरल्याच्या खुणा, घराचा ताबा आपल्याकडेच असल्याची घरपट्टी आणि वीजबिल, सगळे जपून ठेवा.

बापाचे कर्ज पोराच्या डोक्यावर?

बाप गेला की तेराव्याला वसुलीवाला येतो, असे आपल्याकडे म्हणतात. पूर्वी हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानून कोर्ट मुलावर जात असे. ९ सप्टेंबर २००५ च्या वारसा कायद्याच्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जाला केवळ या कारणाने मुलगा, नातू किंवा पणतू जबाबदार धरता येत नाही. वारसाला बापाकडून जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. मात्र मुलाने स्वतः जामीनदार म्हणून सही केली असेल तर ती त्याची स्वतःची सही आहे. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित घरात मुलींचाही मुलांइतका हक्क झाला. म्हणून घर गहाण टाकताना बहिणींना न विचारता केलेला कागद पुढे घरातच तंटा उभा करतो.

आणि एक सूचना. कर्ज अंगावर आले की काहीजण रातोरात घर बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर करतात. धनकोला बुडवायच्या हेतूने केलेले असे हस्तांतरण कोर्ट रद्द ठरवू शकते. मग वकील, स्टॅम्प आणि अब्रू तिन्हींचा खर्च होतो.

आता करायचे काय?

नोटीस, समन्स, दाखला काहीही आले तरी ते घ्या, तारीख लिहून ठेवा आणि आठ दिवसांत कोणाला तरी दाखवा. कागद न घेतल्याने दावा थांबत नाही, एकतर्फी होतो.

ऊसबिलांच्या पावत्या, सोसायटीचे खाते, सातबारा, आठ-अ, नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक एका पिशवीत ठेवा. आपण शेतीवर जगतो याचा सर्वांत धडधडीत पुरावा म्हणजे ऊसबिल. आपल्या गट ऑफिसात मागितले तर मागील बिलांचा उतारा मिळतो.

वकिलाच्या फीची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तडजोड शक्य असेल तर लोकअदालतीत हप्ते बांधून घ्या.

पीककर्जासाठी रान आणि पीक तारण देता येते. राहते घर शक्यतो कोणत्याही कागदात घालू नका. घालावेच लागले तर घरात बसून, बायको, मुलगा, सून, सगळ्यांसमोर तो कागद मोठ्याने वाचा. ज्यांना ते घर सोडावे लागेल त्यांना सहीच्या आधी कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, कारखान्याच्या पत्रिकेत कर्ज बुडवायच्या युक्त्या का छापता? तसे मुळीच नाही. सोसायटीचा आणि जिल्हा बँकेचा पैसा आपल्याच भावांचा आहे, तो फिटलाच पाहिजे. पहिल्या सभासदाचे घर राहिले म्हणूनच त्यांचे देणे फिटते आहे. माणूस त्याच उंबऱ्यातून सकाळी रानात जातो, ऊस वाढवतो आणि हप्ता भरतो. घर गेलेला माणूस कोणाचेच देणे फेडू शकत नाही. सुप्याच्या दंग्यानंतरच्या कायद्याने हे मानले आणि आजचा कायदाही तेच मानतो.

दुसऱ्या सभासदाच्या पत्र्याच्या शेडवर आम्ही गेल्या महिन्यात गेलो होतो. त्यांनी आमच्यावर राग धरला नाही, चहा दिला. निघताना एवढेच म्हणाले, "साक्षीदार होता ना तुम्ही? मग वाचून सांगायचं होतं की." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही वाचल्याशिवाय कुणाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करत नाही. तुम्हीही करू नका.